उरलेली युक्ती

मी जादूचे प्रयोग करतो, जादूचं सामान विकतो, जादूची पुस्तकंही छापतो. नीट काय जमतं, कोण जाणे. काल नारपोलीच्या सभागृहात बायकोला पेटीत बंद केलं आणि पेटी उघडायची युक्तीच विसरलो. पहिल्या रांगेतले यंत्रमागवाले मुख्तारभाई विकत घेतलेलं माझंच पुस्तक पुढे करत म्हणाले, "चाचा, इसमें लिखा होगा ना!" मी पान उघडलं. शेवटची पायरी सोडून सगळं होतं. तिथे मीच छापलं होतं: 'उरलेली युक्ती आमच्या दुकानात मिळेल.' गिऱ्हाईक यावं म्हणून प्रत्येक पुस्तकात असंच करतो. मी ते मोठ्यानेच वाचलं. पेटीतून चंपा ओरडली, "अहो, दुकान आज बंद आहे! दुकानवाली आत कोंडलीये! डावीकडचा खिळा ओढा!" मी ओढला. चंपा बाहेर आली. टाळ्या वाजवण्याआधी मुख्तारभाईंनी पुस्तक परत मागितलं आणि त्यात लिहिलं: 'डावा खिळा.'