मागची चाकं

"मिस्त्री, उतारावर सायकलवाला आडवा आला. पाइपांनी भरलेली व्हॅन वीतभर अंतरावर थांबली. काल तुम्ही ब्रेक नीट केलेत म्हणून वाचलो," प्लंबर म्हणाला.

मागच्या चाकांच्या ब्रेकचे झिजलेले लायनर मिस्त्रीने काल कंटाळा करून तसेच ठेवले होते; व्हॅन रात्रभर गॅरेजमध्येच होती. "जरा बघतो," म्हणत त्याने घाईघाईने मागचं चाक उतरवलं, ड्रम काढला. आत लायनर नवे कोरे.

त्याने वळून पाहिलं. वडील कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. हात थरथरतात म्हणून त्यानेच त्यांना हत्यारांना शिवायची बंदी घातली होती. आज त्यांच्या नखांत ब्रेकची काळी भुकटी होती.

"बाबा..."

वडिलांनी हात मागे लपवले. "रागावू नकोस. पुन्हा नाही हात लावणार."