फुगडीतला चेहरा

“अगं, फुगडी सुरू झाली की माझं तोंडच जातं. नुसते चौकोन दिसतात.” सासूबाईंनी फोन शलाकापुढे धरला. त्यांच्या जुन्या फोनवर चालावा म्हणून तिनं मंगळागौरीचा व्हिडिओ लहान करून दिला होता.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतरची ती सासूबाईंची पहिली फुगडी. “जीव मुठीत धरून फिरले, आता पुरे,” असं त्या तेव्हापासून म्हणत होत्या.

या वेळी शलाकानं व्हिडिओ दोन फेऱ्यांत बनवला. “पहिल्या फेरीत कॉम्प्युटर नुसता बघतो, आई. मागची भिंत हलत नाही, फाइलमधली तिची जागा दुसऱ्या फेरीत फुगडीला देतो.”

चेहरा दिसू लागला.

“मग तिसरी पण लाव. अजून उजळेल.”

“त्यानं काही फरक पडत नाही.”

“पोळी आपण तीनदा उलटतोच ना? लाव.”

तिसरी लावली. सासूबाईंनी दोन्ही व्हिडिओ पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

“सारखेच आहेत गं,” त्या हळूच म्हणाल्या. “पण मी हसतेय बघ. गुडघ्याकडे ढुंकूनही बघत नाहीये.”

मग फोन बाजूला ठेवत, “येत्या मंगळवारी शेजारी मंगळागौर आहे ना? सांग त्यांना, मी येतेय खेळायला.”