मासे कोणाला ओळखतात

शेजारची हरणाबाई ओसरीवर आली आणि काचेच्या बरणीतले दोन्ही मासे झपकन वर आले. तोंडं उघडून तिच्या हाताकडं बघायला लागले. महांतप्पा शिंपी तिथंच बसला होता. मघापासून तो पिठाचे कण टाकत होता, तर हेच मासे रुसलेल्या जावयासारखे तळाला जाऊन बसले होते.

त्याचं त्याला वाईट वाटलं नव्हतं. सोमवारी पहाटे तो तालुक्याच्या ठाण्यात वर्द्या शिवायला जायचा आणि गुरुवारी दिवस मावळता तामलवाडीला परत यायचा. चार दिवस तिकडं, तीन दिवस घरी. असल्या पाहुण्याला मासे कशाला ओळखतील? पण आज सकाळी मल्लम्मा, त्याची बायको, बरणीपाशी आली तेव्हाही मासे तळालाच गेले होते. चार दिवस त्यांना खायला घालणारी तीच. निदान तो तरी तसंच धरून चालला होता.

मासे हैदराबादचे. निजामाच्या मुलखात गडबड वाढली तशी ठाण्याच्या अमीनसाहेबांची, म्हणजे फौजदारांची, बेगम माहेरी निघाली आणि बरणी शिंप्याच्या हवाली करून गेली. लिंगायताच्या घरात मासळी! गावाला तेवढंच पुरलं. स्वामी जेवायला आले तर काय वाढणार रे, म्हणून त्याला पारावर छेडायचे. महांतप्पा हसून सोडून द्यायचा. दोन बोटांएवढे ते लालसोनेरी जीव, त्यांच्यावर त्यानं फार माया केली. जाताना दर खेपेला बायकोला बजावायचा, चिमूटभरच पीठ घाल, पाणी रात्रभर ठेवलेलंच ओत. ती व्हय म्हणायची. गुरुवारी मासे टुणटुणीत दिसायचे आणि त्याला वाटायचं, कशी आपल्या शब्दाबाहेर नाही बघा.

हरणाबाई साठीची. तिच्या पोटात काही राहायचं नाही. मासे तुम्हाला बरे ओळखतात, असं तो सहज म्हणाला. ती म्हणाली, न ओळखायला काय झालं, मल्लम्मा दर सोमवारी किल्ली माझ्याकडं टाकून जाती, गुरुवारपर्यंत मीच बघते की त्यांच्याकडं. वर तिनं आपुलकीनं विचारलं, "तिच्या मावशीचं कसं हाय आता? लई दिवस झाले अंथरूण धरून, न्हाय का?"

"बरं हाय," महांतप्पा म्हणाला.

मल्लम्माला मावशी नव्हती.

हरणाबाई गेली. मग बायको दर सोमवारी जात होती कुणाकडं? कोण असेल तो? गावातला, का बाहेरचा? आणि हसत असेल का आपल्याला? पण खरं दुखलं ते गुरुवारचं. तो दमून यायचा, ती पायावर ऊन पाणी घालायची, मग समोर बसून बारीकसारीक विचारायची. ठाण्यात कोण नवीन आलं, वर्द्या किती शिवल्या, लोक काय बोलत होते. शिंप्याला जगात कोण असं विचारतं? माप देताना ठाण्यातली माणसं त्याच्यासमोर खुशाल बोलायची, येत्या आठवड्यात कुठल्या गावावर जायचं ते सुद्धा, जसा काही तो एक खांबच. ते सगळं तो घरी आणून बायकोपुढं ओतायचा. ती कशी टक लावून ऐकायची. तेवढ्यासाठी तो आठवडाभर ठाण्यात खाली मान घालून शिवत बसायचा. आता तीही माया खोटीच निघाली.

मल्लम्मा ओढ्यावरून धुणं घेऊन आली.

"कोण हाय त्यो?" त्यानं विचारलं.

तिनं त्याचं तोंड पाहिलं. पिळे खाली ठेवले आणि खोटं बोलली नाही. कोणी पुरुष नव्हता. ती हद्दीपलीकडं, सोलापूरच्या बाजूला जात होती. निजामाच्या पोलिसांच्या भीतीनं गावं सोडलेल्या पोरांनी तिथं कॅम्प केला होता. तीन दिवस ती त्यांना भाकऱ्या थापून घालायची आणि आदल्या गुरुवारी नवऱ्याच्या तोंडून ऐकलेलं सगळं सांगायची. तेवढ्यानं आजवर तीन गावं वाचली होती. ठाण्याची माणसं पोचली तेव्हा तिथल्या चुलीसुद्धा गार होत्या.

ती तीन गावं महांतप्पाला पाठ होती. तिसऱ्या गावानंतर ठाण्यात खबऱ्याचा शोध सुरू झाला, आणि संशयावरून पाणी भरणाऱ्या म्हाताऱ्या भिस्त्याला बांधून फोडून काढलं. ते सांगताना महांतप्पा बायकोपुढं रडला होता. तिनं त्याचे डोळे पुसले होते आणि सोमवारी पुन्हा गेली होती.

दुसरा पुरुष असता तर एक वेळ परवडलं असतं, असं त्याच्या मनात येऊन गेलं. त्याला आपली शरम वाटली, पण राग काही उतरला नाही. मला एका शब्दानं का नाही सांगितलंस, म्हणून तो तिच्यावर खेकसला. ती म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही भ्याला असता, आणि तुमचं भ्यालेलं तोंड ठाण्यात कुणालाही वाचता आलं असतं. तेही खरंच होतं. ते खरं होतं म्हणून जास्तच झोंबलं.

"मग तिथं लई मान मिळत असंल तुला," तो कडवटपणानं म्हणाला. "समद्यांच्या तोंडी तुझंच नाव असंल."

मल्लम्मानं नकारार्थी मान हलवली.

"बाईच्या तोंडची खबर कोण खरी धरतंय? पयल्याच दिवशी सांगितलं म्या, माझ्या मालकानं धाडलीया म्हणून. तिथं समद्यांना तुमचंच नाव ठावं हाय."