अण्णांना विचारा

तेजस्विनीने स्क्रीनवरची ओळ तिसऱ्यांदा वाचली. "काका, अण्णा कोण?"

ज्योतीराम गाड्यांचे पत्रे दाबणाऱ्या प्रेसजवळ उभे होते. चाकणच्या या कारखान्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"आमचे थोरले बंधू. साऱ्या गावाचे अण्णा. सहा वर्सं झाली जाऊन. का वो?"

"सहज विचारलं."

जुना कॉम्प्युटर आज निघणार होता. त्यातला प्रोग्राम नव्यात उतरवायला ती वाकडहून आली होती आणि दोन दिवस थक्क होऊन वाचत होती. प्रेस साच्यापासून किती अंतरावर थांबवायचा, हे ठरवणारा एकच छोटा भाग. त्यात 'अंतर' हे नाव होतं, आकडा मात्र नव्हता.

"म्हंजे चुकलंय?" ज्योतीरामांनी विचारलं.

"चुकलं कसलं, कमाल आहे! हल्ली नाव जिथे लिहिलंय तिथेच त्याचा अर्थ ठरतो. इथे या भागाला जो साचा हाक मारेल त्याचं अंतर लागतं. दाराच्या साच्याने हाक मारली तर दाराचं, बॉनेटच्या मारली तर बॉनेटचं. एवढ्याशा ओळींत तीस साचे सांभाळलेत!"

ज्योतीराम स्क्रीनकडे बघत राहिले. "आक्रीतच म्हणायचं."

एकतिसावा साचा आठ वर्षांनी उद्या पुन्हा प्रेसवर चढणार होता. प्रोग्राममध्ये त्याच्यापुढे फक्त लिहिलं होतं: 'साचा झिजलाय. अंतर अण्णांना विचारा.' आकडा चुकला तर प्रेस उशिरा थांबणार, आणि समोर पत्रा सरकवणाऱ्या यशोदाबाईंचे हात.

ज्योतीरामांना भावाची आठवण काढून दुखवायला नको, म्हणून ती त्यांच्याशी हे बोललीच नाही. प्रोग्रामच्या तळाशी विजयश्री असं नाव होतं. ऑफिसातून नंबर मिळाला. बाई आता चऱ्होलीत राहत होत्या.

"तुमच्या पाया पडावंसं वाटतंय, ताई," तेजस्विनी फोनवर म्हणाली.

"अगं, मी नुसता लिहिला. आकडे सगळे अण्णांचे. प्रेसच्या आवाजावरून सांगायचे. एक मिलिमीटरही चुकायचे नाहीत."

"शेवटचाच आकडा नाहीये."

"मग विचार की त्यांना."

तेजस्विनीने ज्योतीरामांकडे पाठ केली आणि आवाज खाली आणला. "अण्णा गेले, ताई. सहा वर्षं झाली."



"सहा वर्षं? अगं, ज्योतीरामअण्णांचा मला परवाच तर फोन आला होता!"