चिखलातल्या गोगलगाई

जैवंताकाकी बांधावरून खाडीत उतरल्या, मूठभर चिखल उचलून बोटांनी चाळला आणि म्हणाल्या, “गोगलगाई कुठायत गं?”

“कुठल्या?” हेमलताने विचारलं.

जुनी खाडी सांडपाण्याने मेल्यावर संगणकाने निवडलेल्या अकरा प्रजाती पाण्यात सोडून ही नवी खाडी तयार केली होती. देखरेख हेमलताकडे होती. कोळंबी एका वर्षी मावेनाशी व्हायची, पुढच्या वर्षी औषधालाही सापडायची नाही. आता पुन्हा तसं झालं, तर खाडी बुजवणार होते. म्हणून जुन्या खाडीत चाळीस वर्षं मासे धरलेल्या काकींना तिने बोलावलं होतं.

“तांदळाच्या दाण्याएवढ्या असतात बघ.”

“त्या गाळल्या. त्यांच्यावर जगणारं कोणी नव्हतं.”

“त्यांच्यावर कोणीच जगत नाही, बाय. पण कोळंबी कमी झाली की खेकडे त्या खातात, मासेही त्याच खातात. पोट भरत नाही, पण दिवस निघतात. तेवढ्यात कोळंबीला वाढायला उसंत मिळते.”

हेमलताने ते संगणकाच्या गणितात घालून पाहिलं. पडद्यावर वरखाली उसळणारी कोळंबीची रेघ हळूहळू शांत झाली. मग तिने शेजारच्या खाडीतून टोपल्या भरभरून गोगलगाई आणून सोडल्या.

पुढची दोन वर्षं कोळंबी बेताचीच आली, पण आली. खाडी बुजवायचं रद्द झालं.

ते कळलं त्या दुपारी हेमलता वही घेऊन काकींच्या घरी गेली.

“काकी, जुन्या खाडीत आणखी कोण कोण होतं?”

काकींनी तिला बसायला पाट दिला. “वेळ आहे ना तुला?”