सून घाबरली

"आबा, आय ॲम अफ्रेड..." बंगळुरूहून नवी सून फोनवर म्हणाली. पुढचं भराभर इंग्रजी खंडेरावांच्या डोक्यावरून गेलं. ती गौरीच्या सणाला येत नाही, एवढं मात्र कळलं.

त्यांनी डिक्शनरी उघडली. अफ्रेड म्हणजे घाबरलेली! फौजदार असताना अख्खा तालुका त्यांना टरकून असायचा, आणि ते त्यांना आवडायचंही. पण सुनेनं घाबरावं, हे मनाला लागलं.

"मिशा पाहूनच घाबरली असेल," बायकोनं चिमटा काढला.

न राहवून त्यांनी परत फोन लावला. "पोरी, मला घाबरतेस होय?"

पलीकडून मुलगाच खो खो हसला. "आबा, इंग्रजीत 'माफ करा, जमणार नाही' असंच म्हणतात! ऑफिसात ती दिवसभर अफ्रेडच असते."

आबा ओशाळले. तेवढ्यात सुनेनं फोन घेतला नि मोडक्या मराठीत हळूच म्हणाली, "पण आबा, भीती पण आहे. थोडी."

आबांनी घसा खाकरला. फौजदारी आवाज जमेल तेवढा मऊ करत म्हणाले, "मलाही वाटते गं. तुझ्या इंग्रजीची."

सून खळखळून हसली. "दसऱ्याला नक्की येते," ती म्हणाली.