आठ तासांच्या ताई

लाँड्रीचा मॅनेजर तसा मुरलेला माणूस. इस्त्रीवाल्या ताईंच्या करारावर त्याने आठवड्याचे आठच तास लिहिले होते. ताई वर्षभर त्याच्या मागे लागल्या होत्या, "अहो, जेवढे तास राबते तेवढे तरी कागदावर लिहा. हा कागद बघून मला कुणी भाड्याने घर देईना!" आणि तो वर्षभर "बघू, बघू" करत होता.

आता मात्र कागदावरचे तास आणि खरे तास जुळतात का, हे तपासायला कामगार खात्याचे साहेब आले. तेही सकाळी सकाळी, दुकान उघडायच्या आधीच. निरोप मिळताच मॅनेजर धापा टाकत आला आणि बंद शटरसमोरच त्याने पाठ केलेलं घडाघडा म्हणून दाखवलं.

"ताई ना? गर्दी असली की बोलावतो हो, साहेब. आठवड्यातून एखादी चक्कर मारतात. त्यांच्यावाचून आमचं काही अडत नाही."

साहेबांनी मान डोलावत सगळं लिहून घेतलं. मॅनेजरचा जीव भांड्यात पडला.

"ठीक आहे. उघडा दुकान, हजेरीचं रजिस्टर बघू."

मॅनेजरने ऐटीत घड्याळ पाहिलं.



"दोनच मिनिटं, साहेब. किल्ली ताईंकडे असते. पण काळजी नको, सातच्या ठोक्याला हजर! तीन वर्षांत एक दिवस चुकलेल्या नाहीत."